हुतूतूच्या नियमांची एकच पोथी

गावांच्या मैदानांवर रुजलेल्या कबड्डीचे जुने नाव हुतूतू. या खेळाचे पूर्वी तीन मुख्य प्रकार होते. संजीवनीत बाद गडी पुन्हा जिवंत होई. दुसऱ्या प्रकारात बाद झालेला परत येत नसे. अमरमध्ये बाद गडी मैदानातच राही आणि प्रतिपक्षाला गुण मिळे. दम धरून चढाई करणे आणि शिवून परतणे, हा गाभा तिन्हींत समान होता.

नियम तोंडी चालत तोवर गावागणिक फरक खपून जाई. स्पर्धा सुरू झाल्यावर पंचांना छापील आधार लागला. 1923 मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम प्रसिद्ध केले; पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने त्यांत सुधारणा केल्या. प्रत्येक प्रकाराची स्वतंत्र पोथी न करता संजीवनीवर आधारलेला एकच खेळ प्रमाण ठरला.

आजच्या नियमावलीतही हीच पद्धत दिसते. पुरुषांचे मैदान 13 × 10 मीटर, महिलांचे 12 × 8 मीटर. हा फरक मैदानाच्या कलमातच नोंदवला जातो, चढाई, पकड व लोण यांचे नियम पुन्हा छापावे लागत नाहीत. त्यामुळे सुधारणा एकाच जागी होते आणि दोन प्रतींत विसंगती उरत नाही. पंजाबातील वर्तुळाकार कबड्डीत मात्र मैदान आणि पकडीची रीतच निराळी असल्याने तिला स्वतंत्र नियमावली लागते.