वर्षाला एक धडा

आपल्याकडे द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी. घड दिसतात ते दुसऱ्या छाटणीनंतर. पण वेलीला घड लागणार की नाही, हे त्याआधी उन्हाळ्यातच ठरलेले असते. खरड छाटणीनंतर पहिल्या दोनेक महिन्यांत नव्या काडीवरच्या डोळ्याच्या आत घडाचा सूक्ष्म अंकुर तयार होतो. त्या काळात ऊन, पाणी आणि नत्र यांचा मेळ चुकला, तर ती चूक ऑक्टोबरनंतर कळते. प्रयोगशाळेत आम्ही फसलेला प्रयोग पुढच्या आठवड्यात पुन्हा लावतो. बागायतदाराला मात्र वर्षाला एकच धडा मिळतो, आणि त्याची फी आधीच भरलेली असते.

म्हणूनच दुसऱ्याच्या बागेतला अनुभव त्याला लागतो. जालन्याजवळच्या खरपुडीला मराठवाडा शेती साहाय्य मंडळाचे कृषी विज्ञान केंद्र आहे. देशातले असे पहिले केंद्र १९७४ साली पुदुच्चेरीला निघाले. खरपुडीच्या केंद्रात दर महिन्याच्या पाच तारखेला चर्चासत्र भरते. तारीख ठरलेली, त्यामुळे आमंत्रणाची वाट पाहावी लागत नाही. ही साधी गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते.

याच मंडळाने, विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकाराने, १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात कडवंची गावात इंडो-जर्मन कार्यक्रमाखाली पाणलोटाचे काम केले. आधी माथ्यापासून माती-पाणी अडवले, मग शेततळी आणि द्राक्षबागा आल्या. २०१२च्या दुष्काळात जिल्ह्यात मोसंबीच्या कितीतरी बागा वाळल्या. कडवंचीचे नाव तेव्हा तग धरलेले गाव म्हणून वर्तमानपत्रांतून झाले.

यशस्वी बागायतदार आपले गुपित शेजाऱ्याला का सांगेल, असे विद्यार्थी विचारतात. याचे एक उत्तर केवडा रोगात आहे. या रोगाचे बीजाणू वाऱ्याने पसरतात आणि पानावर पाण्याचा पातळ थर असला की त्यात पोहत जाऊन पर्णरंध्रांतून आत शिरतात. शेजाऱ्याची बाग रोगट असेल तर आपली फवारणी कितीशी पुरणार? या रोगावरचा उपायही मुळात बागायतदारांकडूनच आला. फ्रान्समध्ये रस्त्याकडेच्या वेलींवर, वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून, मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण शिंपडत. त्याच वेली निरोगी राहिल्याचे मिलार्डे यांच्या नजरेत आले. १८८५ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. तेच आपले बोर्डो मिश्रण.

पाण्याचा हिशोब मात्र उलटा चालतो. प्लास्टिकचे अस्तर लावलेले शेततळे पावसाच्या वाहत्या पाण्याऐवजी विहिरीतून उपसून भरले, तर सगळ्यांच्या भूजलातला वाटा एकाच्या तळ्यात येतो आणि त्यातला काही उन्हाने उडून जातो. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी असे घडले आहे. फवारणीची माहिती दिल्याने शेजाऱ्याची बाग वाचते. तळ्याची युक्ती सगळ्यांनी उचलली तर शेजाऱ्याची विहीर आटू शकते. आणि डोळ्यांत घड तयार होतात ते दिवस एप्रिल-मेचे, म्हणजे विहिरी तळाला गेलेल्या असतात तेच.