पॅरिसचे सूर आणि वेरूळचा अंधार

एकाच पियानोवर दोघांनी बसून वाजवायचं, हा प्रकार आपल्याकडे फारसा कुणाच्या परिचयाचा नाही. जुगलबंदी म्हणावी तर ती नाही. जुगलबंदीत दोघांची वाद्यं वेगळी, बैठक वेगळी, आणि (खरं सांगा) मनातून थोडी खुमखुमीही असते. इथे एकच बाकडं, एकच पट्ट्यांची रांग आणि चार हात. एकाने वरची सप्तकं सांभाळायची, दुसऱ्याने खर्ज. पेडल मात्र बहुधा खर्जवाल्याच्या पायाखाली, म्हणजे जोडीदाराने काढलेला सूर किती वेळ रेंगाळू द्यायचा हे ह्याने ठरवायचं. संसारच म्हणा ना!

रोबेर आणि गाबी कासाद्स्यू हे फ्रेंच जोडपं तर खरोखरच संसार करणारं. त्यांनी वाजवलेली देब्यूसीची 'पेतित स्वीत' म्हणजे 'छोटी मालिका', आणि फोरेची 'डॉली', ही रेकॉर्डिंग्ज सध्या आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ लागतात. कारण आमची भाची कॅम्पात पियानो शिकायला जाते, आणि तिच्या बाईंनी तिला त्या मालिकेतला पहिला तुकडा, 'होडीत', शिकवायला घेतलाय. भाची खर्जात, बाई वर.

आता हे पुराण लिहायचं कारण. दिवाळीला सगळे जमलेले असताना आमच्या मोठ्या मामांनी सुनावलं, "आजोबांची पेटी माळ्यावर धूळ खात पडलीय आणि पोर परक्यांचं वाद्य बडवतेय. त्यात आपलं काय आहे?" भाचीचा चेहरा एवढासा झाला. तिच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, त्या रात्री क्लास बंद करण्याचा विषयही काढला. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही (मला भांडणानंतर दोन दिवसांनी उत्तरं सुचतात). मामा हा ब्लॉग वाचतात, म्हणून इथे.

तर मामा, सुरुवात १८८९ पासून करते. त्या वर्षी देब्यूसीने ही मालिका प्रकाशक जाक द्यूराँबरोबर एकाच पियानोवर बसून पहिल्यांदा वाजवून दाखवली. ग्रामोफोन अजून घराघरात यायचा होता, तेव्हा घरात पियानो असलेल्या माणसाला वाद्यवृंदाची मोठी रचना ऐकायची तर तिची चार हातांची प्रत विकत आणायची आणि बहिणीला नाहीतर शेजाऱ्याला धरून वाजवायची, हाच मार्ग होता. चार हातांचा पियानो म्हणजे त्या काळची सीडीच. 'छोटी मालिका'चा प्रवास मात्र उलटा झाला. आधी ती पियानोवर होती, वाद्यवृंदासाठी तिची मांडणी १९०७ मध्ये आँरी ब्यूसेरने केली.

त्याच १८८९ मध्ये पॅरिसला ते प्रचंड प्रदर्शन भरलं, ज्यासाठी आयफेल टॉवर उभारला. तिथे जावाचं अख्खं खेडं वसवलं होतं आणि गामेलान वाजत होतं. देब्यूसी ते ऐकत राहिला. युरोपी संगीताचे जे नियम त्याला कॉलेजात घोटून पाजले होते, त्यांच्या बाहेरही एक भरलेलं, पूर्ण संगीत असू शकतं हे त्याला तिथे कळलं. पुढे राव्हेलने एका स्नेह्याच्या दोन मुलांसाठी 'मदर गूज'चे पाच तुकडे लिहिले, तेही चार हातांसाठीच. १९१० मध्ये ते पहिल्यांदा जाहीर वाजवले दोन लहान मुलींनी! त्यातला पॅगोडांच्या राणीचा तुकडा बराचसा काळ्या पट्ट्यांवर फिरतो. काळ्या पाच पट्ट्या म्हणजे काय, हे पेटी वाजवणाऱ्याच्या नातीने सांगायला नको. सरळ भूप.

देब्यूसीचं आणखी एक मला फार आवडतं. १९१३ मध्ये त्याने लेकीसाठी 'खेळण्यांची पेटी' नावाचं बॅले लिहिलं. त्यात हत्तीच्या तुकड्यापाशी त्याने टीप दिलीय, की हे हत्तींना शिकवताना म्हणायचं जुनं हिंदू गाणं आहे, 'पहाटे पाच'च्या स्वरांवर बांधलंय, आणि म्हणून ते पाच मात्रांतच असलं पाहिजे! निव्वळ थट्टा. पण थट्टा करायला रागांच्या वेळा असतात एवढं तरी माहीत असावं लागतं. ते त्याला कुठून कळलं असेल? बडोद्याचे इनायत खाँ त्याच सुमारास पॅरिसमध्ये होते. सयाजीरावांच्या गायनशाळेचे मौलाबक्ष हे त्यांचे आजोबा. इनायत खाँ आणि त्यांच्या भावांची गाठ देब्यूसीशी पडली, त्याने त्यांचं वादन ऐकलं, असं त्या कुटुंबाच्या आठवणींत आहे. तिथूनच त्याला ते कळलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण वर्षं जुळतात खरी.

राव्हेलचा शिष्य मोरिस देलाज १९१२ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेला. त्याच्या 'चार हिंदू कविता'मध्ये 'लाहोर' नावाचं गाणं आहे. त्यात चेलोवाला गज ठेवून देतो, बोटाने तार छेडतो आणि छेडलेला सूर घसरवत नेतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हातातलं काम टाकून बसले. मींड! इमदाद खाँची (विलायत खाँसाहेबांचे आजोबा) रेकॉर्ड ऐकून त्याने ते घेतलंय. आपल्याकडे १९०२ मध्ये गौहरजानच्या वगैरे रेकॉर्ड निघायला लागल्या, आणि दहा-बारा वर्षांत त्यातला एक सूर पॅरिसच्या चेलोवर जाऊन बसला.

पण मला खरं सांगायचंय ते आल्बेर रूसेलबद्दल. हा मूळचा नौदलातला अधिकारी. १८९४ मध्ये, पंचविशीत, चांगली नोकरी सोडून संगीत शिकायला बसला (मामा, ह्यावर तुम्ही काय म्हणाला असता ते मला माहीत आहे). १९०९ मध्ये तो नव्या नवरीला घेऊन पूर्वेच्या लांब सफरीवर निघाला, आणि त्या सफरीत हे दोघं वेरूळला गेले. तेव्हाचं वेरूळ म्हणजे निजामाचं राज्य. आपल्यासारखी दोन दिवसांची पॅकेज टूर नव्हे.

परत गेल्यावर त्याने 'एव्होकास्यों' लिहिलं. पाऊण तासाच्या आसपासची, तीन भागांची वाद्यवृंदाची रचना. १९१२ च्या मे महिन्यात पॅरिसला पहिल्यांदा झाली. दुसरा भाग जयपूरवरून, तिसरा काशीवरून, आणि पहिला आपल्या वेरूळवरून. त्या भागाचं नाव 'गुहांच्या सावलीतले देव'. गावाचं नाव कुठेच नाही, ते त्याने मुद्दामच टाळलं. काशीच्या भागात तिथल्या एका फकिराच्या गाण्याची सुरावट आहे, बाकी उसने राग नाहीत, सतारीची नक्कल नाही. वेरूळच्या भागात तर गाणारंही कुणी नाही. सुरुवातीला नुसता अंधार आहे. भर दुपारच्या उन्हातून आत पाऊल टाकल्यावर पहिली दोन मिनिटं काही दिसत नाही, मग हळूहळू खांब, मग एखादा हात, मग चेहरा दिसायला लागतो ना, तसे एकेक सूर पुढे येतात. ज्याने सहलीबरोबर धावत चौतीस लेणी 'केली' त्याला हे कळणार नाही. दहाव्या लेण्यात, त्या सुतार झोपडीत, कुणी एक सूर लावला तर छताच्या दगडी वाशांखाली तो घुमत राहतो. रूसेलने तिथे काय ऐकलं ते आता कोण सांगणार? पण ऐकण्याआधी तो तिथे गप्प उभा राहिला असणार, एवढं संगीतावरून कळतं.

मला ह्या मंडळींबद्दल भाबडं कौतुक नाही. पूर्व म्हणजे हत्ती, फकीर आणि पॅगोडा, ही दृष्टी ह्यांचीही होतीच, आणि इमदाद खाँचं नाव पॅरिसच्या किती श्रोत्यांना कळलं असेल ह्याची मला शंकाच आहे. रूसेल मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतो. जे आपलं नाही ते आपलं असल्याचं सोंग त्याने आणलं नाही.

आणि आता मामा, पेटी. हार्मोनियमचं पेटंट अलेक्सांद्र देबँ ह्या माणसाने १८४२ मध्ये घेतलं. कुठे? पॅरिसला! पुढे कलकत्त्यात द्वारकानाथ घोषांनी तिला मांडी घालून वाजवता येईल असं रूप दिलं. मग ती नाटकात आली, कीर्तनात आली, गोविंदराव टेंब्यांनी तिला मैफलीत मान मिळवून दिला. परकी म्हणून तिनेही बोलणी खाल्ली आहेत. ह्या वाद्यात श्रुती नाहीत, मींड नाही, अशी टीका होत होत १९४० मध्ये रेडिओने तिच्यावर बंदीच घातली आणि ती कित्येक वर्षं टिकली. टीका करणाऱ्यांत पुढे होता जॉन फोल्ड्स, रेडिओवरच्या युरोपी संगीताचा प्रमुख, स्वतः इंग्रज! म्हणजे फ्रेंच वाद्य मराठी माणूस उराशी धरून बसलाय आणि इंग्रज त्याला हिंदुस्थानी संगीताची शुद्धता शिकवतोय. मुद्दा चूक नव्हता हो त्याचा, पेटीचा गंधार तंबोऱ्याशी जुळत नाही हे आजोबाही म्हणायचे. म्हणायचे आणि वाजवायचे.

जुन्या चांगल्या पेट्यांत 'पॅरिसचे सूर' असत, हे तुम्हीच मला सांगितलंय. आजोबांच्या पेटीत तेच आहेत. मागच्या रविवारी भाचीने आणि मी ती खाली काढून पाहिली. दोन सूर मुके झालेत, भाता फाटलाय, बाकी ठीक आहे. दुरुस्तीला टाकलीय. क्लास चालू आहे.

जाता जाता, ज्यांना ऐकायचंय त्यांच्यासाठी. रूसेलने चितोडच्या पद्मिनीवर 'पद्मावती' नावाचा ऑपेराही लिहिला, मधल्या महायुद्धामुळे तो रखडला आणि १९२३ मध्ये पॅरिसला रंगमंचावर आला. २००८ मध्ये पॅरिसच्या शातले नाट्यगृहात तो बसवला आपल्या संजय लीला भन्साळींनी, 'पद्मावत' सिनेमाच्या दहा वर्षं आधी. 'एव्होकास्यों' मात्र फार कमी वाजतं. मिशेल प्लासाँचं तूलूजच्या वाद्यवृंदाबरोबरचं रेकॉर्डिंग मिळालं तर ते घ्या, नाहीतर याँ पास्काल तोर्तेलिएचं. हेडफोन लावा, दिवे मालवा, आणि पहिली दोन मिनिटं काही घडत नाही म्हणून पुढे ढकलू नका.