डिपेंडंट केअर खाते आणि बालसंगोपन टॅक्स क्रेडिट (अमेरिका)

नोकरी करता यावी म्हणून मूल पाळणाघरात ठेवणाऱ्या आईवडिलांना अमेरिकेच्या केंद्रीय प्राप्तिकरात दोन सवलती आहेत. पहिली नोकरीच्या ठिकाणी मिळते : पगारातली ठरावीक रक्कम कर कापण्याआधीच ‘डिपेंडंट केअर एफएसए’ खात्यात वळवायची आणि पाळणाघराची पावती दाखवून ती परत घ्यायची (कलम 129). दुसरी विवरणपत्रात मिळते : खर्चाचा काही टक्के भाग देय करातून वजा होतो (कलम 21). मूल 13 वर्षांखालील हवे आणि एरवी पतिपत्नी दोघेही कमावते हवेत. शिकणाऱ्या वा अपंग जोडीदारापुरता अपवाद आहे. ‘चाइल्ड टॅक्स क्रेडिट’ ही सवलत निराळी. तिची या दोहोंशी नेहमी गल्लत होते, पण खात्यातल्या पैशाने ती घटत नाही.

दोन्ही सवलतींना एकत्र बांधले ते 1988 च्या ‘फॅमिली सपोर्ट ॲक्ट’ने. क्रेडिटसाठी धरता येणारा खर्च एका मुलामागे 3,000 डॉलर, दोन किंवा अधिक मुले असल्यास 6,000. खात्यातून करमुक्त मिळालेला प्रत्येक डॉलर या मर्यादेतून वजा होतो. पाळणाघराचे प्रत्यक्ष बिल 20,000 झाले तरी वजाबाकी बिलातून नव्हे, मर्यादेतून होते, आणि बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो. खात्याची कमाल मर्यादा 1986 च्या कायद्यापासून 5,000 होती (2021 पुरती 10,500). त्यामुळे खाते पूर्ण भरणाऱ्या एका मुलाच्या पालकांना क्रेडिट उरत नसे; दोन मुलांच्या पालकांना 1,000 डॉलरवर 20 टक्क्यांनी 200 डॉलर मिळत. 2025 च्या कायद्याने 2026 पासून खात्याची मर्यादा 7,500 केली, क्रेडिटची 6,000 मात्र तशीच ठेवली. म्हणजे खाते काठोकाठ भरले की ते 200 डॉलरही गेले.

त्याच कायद्याने क्रेडिटचा दर मात्र वाढवला : कमाल 50 टक्के, आणि संयुक्त विवरणपत्रात सुमारे 45,000 ते 1,50,000 डॉलर उत्पन्नाला 35 टक्के. त्यापुढे तो उतरत 20 वर येतो. त्यामुळे ‘खातेच फायद्याचे’ हा जुना सल्ला आता सरसकट देता येत नाही. दोन मुले असलेल्या, 12 टक्के करपट्ट्यातल्या जोडप्याचे 7,500 खात्यात टाकून, सोशल सिक्युरिटी व मेडिकेअरचे 7.65 टक्के धरूनही, साधारण 1,474 डॉलर वाचतात. नुसत्या क्रेडिटने 2,100. करपट्टा 22 टक्क्यांचा असेल तर खाते थोडे पुढे जाते : 2,224. मूल एकच असेल तर दोन्ही पट्ट्यांत खातेच सरस, कारण क्रेडिट 1,050 वर थांबते. राज्याचा कर यात धरलेला नाही. शिवाय क्रेडिट परताव्याचे नसल्याने ज्याला करच लागत नाही, त्याला 50 टक्क्यांचा दर कागदावरच दिसतो.

दिवसाचे उन्हाळी शिबिर खर्चात धरतात, मुक्कामी नाही. सांभाळणाऱ्याचा करक्रमांक विवरणपत्राच्या फॉर्म 2441 वर द्यावा लागतो. नातेवाइकाला दिलेला मोबदलाही चालतो, मात्र तो नातेवाईक करदात्यावर अवलंबून नसावा. पर्यटक व्हिसावर भारतातून आलेल्या आजीला मोबदला घेऊन काम करण्याची मुभा नसते, म्हणून तिचा सांभाळ या हिशेबात येत नाही.

खात्यात किती टाकायचे हे सहसा आदल्या वर्षाच्या शरद ऋतूतच ठरवावे लागते आणि न वापरलेली रक्कम बुडते. काही कंपन्या अडीच महिन्यांची सवड देतात. क्रेडिटचा हिशेब मात्र वर्ष संपल्यावर, झालेला खर्च समोर ठेवून होतो.