कागदी खेळण्याच्या नमुन्यावरून सॉफ्ट टॉय कसं शिवायचं?

पेपरक्राफ्टचे असंख्य नमुने इंटरनेटवर मिळतात. प्रिंट काढा, कापा, दुमडा, चिकटवा, खेळणं तयार! पण लहान मुलाच्या हातात ते टिकत नाही. मग तोच नमुना कापडात शिवता येईल का? येईल, पण थोडे बदल करून.

छापील नमुन्यावरून खेळणं शिवण्याची कल्पना जुनी आहे. जर्मनीच्या मार्गारेटे श्टाईफ यांनी 1880 मध्ये मासिकातल्या एका नमुन्यावरून फेल्टचा छोटा हत्ती शिवला. तो खरं तर टाचण्या टोचून ठेवण्यासाठी होता, पण मुलं त्याच्याशी खेळू लागली. त्यातूनच पुढे श्टाईफ ही खेळण्यांची प्रसिद्ध कंपनी उभी राहिली.

कागद आणि कापडात फरक काय?

कागदाची घडी ताठ राहते. कापडात कापूस भरला की घडी नाहीशी होते. साधा चौकोनी ठोकळा घ्या. त्याला 12 कडा असतात. कागदी नमुन्यात त्यातल्या 5 दुमडायच्या आणि 7 चिकटवायच्या असतात. कापडात फक्त त्या 7 शिवल्या, तर उरलेल्या 5 गोलसर होतात. सगळ्या कडा उठून दिसायला हव्या असतील, तर सहाही चौकोन सुटे कापा आणि 12 कडा शिवा.

नमुना कसा बदलायचा?

1. आकार वाढवा. छोटे तुकडे शिवणं अवघड जातं. नमुना दीडपट केला तर कापड सव्वादोन पट आणि कापूस जवळपास 3.4 पट लागतो, हे आधीच लक्षात घ्या.

2. बारीक तुकडे एकत्र करा. कागदात गोलाई दाखवायला अनेक त्रिकोण लागतात. कापड भरल्यावर आपोआप गोल होतं. शेजारचे तुकडे जोडून एक करा, मधे फट उरली तर तिथे टक्स घाला.

3. चिकटवायच्या पट्ट्या काढा, माया ठेवा. प्रत्येक तुकड्याभोवती 6 मिमी माया पुरते. म्हणजे 10 सेंमीचा चौकोन 11.2 सेंमीचा कापायचा.

4. खुणा करा. एकमेकींना जोडायच्या कडांना सारखे नंबर द्या. नमुना कापडाच्या उलट बाजूवर छापील बाजू खाली ठेवून आखा, नाहीतर डावं-उजवं बदलेल. लव असलेल्या कापडात लवेची दिशा सगळीकडे एकच ठेवा.

5. आधी जुन्या चादरीवर करून बघा. महागडं कापड वाया जाणार नाही.

शिवताना

सुलट बाजू आत ठेवून उलटी टीप घाला. 4-5 सेंमी जागा मोकळी सोडा. कोपऱ्यांवरची जास्तीची माया छाटा, पण टाका कापू नका. मग खेळणं उलटवा, आधी कोपऱ्यांत आणि नंतर मधे कापूस भरा आणि तोंड हाताने शिवून टाका.

खेळणं 3 वर्षांखालच्या मुलासाठी असेल, तर बटणाचे किंवा मण्यांचे डोळे नकोत. ते निघून घशात अडकू शकतात. डोळे भरतकामाने काढा.

विकायचं असेल तर?

नमुना फुकट मिळाला म्हणजे त्यावरून वस्तू विकायची परवानगी मिळाली, असं नाही. डिझाइन करणाऱ्याच्या अटी वाचा. कार्टूनमधल्या पात्रांवर कॉपीराइट असू शकतो.

शिवाय भारतात 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचं प्रमाणपत्र बंधनकारक आहे. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट दिली आहे. त्यामुळे इन्स्टाग्रामवर ऑर्डर घेण्याआधी आपण कोणत्या नियमात बसतो, ते तपासा. घरच्या बाळासाठी शिवत असाल, तर सुई-दोरा आणि एक जुनी चादर सुरुवातीला पुरेशी आहे.