हडपसरच्या मनोऱ्यावरून आलेली माणसं

भोरमध्ये ट्रान्झिस्टर नीट ऐकायचा तर त्याचं तोंड उत्तरेला करावं लागतं. आत फेराइटची एक काळी कांडी असते, तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. ही कांडी स्टेशनाला आडवी राहिली की आवाज भरून येतो. तिचं टोक स्टेशनाकडे वळलं की आवाज बसतो. पुणे केंद्राचं प्रक्षेपण हडपसरहून होतं. तिथल्या बसथांब्याचं नावच ‘आकाशवाणी’ आहे. हडपसर भोरच्या उत्तरेला, जरासं पूर्वेकडे. वेल्ह्याकडच्या गावांना, म्हणजे आता ज्याला राजगड तालुका म्हणतात त्या मुलखाला, ते ईशान्येला पडतं. केळदचा, पासलीचा, भुतोंड्याचा माणूस दुकानात आला की त्याचा सेट चालू करायचा, हातात धरून हळूहळू फिरवायचा आणि सांगायचं, घरी गेल्यावर असाच फिरवा, जिथं आवाज मोठा होईल तिथं खुंटी ठोका. त्या बाजूच्या जुन्या घरांत अजून अशा खुंट्या आहेत.

मी भोरच्या पेठेत रेडिओ दुरुस्तीचं काम केलं. मर्फी, बुश, फिलिप्स, नेल्को, पुढं संतोष आणि शेवटी चिनी सेट. तोरणा, राजगड, रायरेश्वर अशा डोंगरांच्या आड वसलेल्या गावांना टीव्ही उशिरा मिळाला. मुंबई दूरदर्शन १९७३ पासून सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून पुण्याला दिसू लागलं, पण त्या लहरी सरळ रेषेत जातात, मधे डोंगर आला की संपल्या. मीडियम वेव्हचं तसं नाही. ती जमीन धरून चालते, खिंडीतून, खोऱ्यातून वाट काढते. त्यामुळे या दोन तालुक्यांत बाहेरचा माणूस म्हणून जो रोज घरात आला, तो पुणे केंद्रावर बोलणारा माणूस. त्या माणसांचं पुढं काय झालं, आधी ती कोण होती, हे मी आयुष्यभर गोळा करत आलो. एक गोष्ट मला सतत खटकते. ही माणसं गेली की वर्तमानपत्रात ‘ज्येष्ठ लेखक’, ‘ज्येष्ठ संगीतकार’ असं येतं. रेडिओची नोकरी एका ओळीत उरकतात. आमच्याकडं मात्र त्यांचं खरं काम तेच होतं.

पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालं. तेव्हा नभोवाणी खातं बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांकडं होतं. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं ते मंत्री होते. सिनेमाच्या गाण्यांना त्यांनी दार लावलं म्हणून लोक त्यांना नावं ठेवतात. पण त्यांच्याच काळात, १९५६च्या सुमारास, लेखकांना, कवींना, गवयांना निर्माते म्हणून आकाशवाणीत आणायची योजना आली. नुसत्या कारकुनांच्या हाती कार्यक्रम न देता ज्यांना बोलता-लिहिता येतं त्यांच्या हाती द्यायचे, हा विचार फार मोठा होता. त्या दशकात आकाशवाणीच्या हजेरीपटावर कोण कोण होतं ते बघा. बा. भ. बोरकर पुण्याला होते, मग पणजीला गेले. शंकर पाटील काही काळ पुण्याला होते, पुढं पाठ्यपुस्तक मंडळात गेले. पु. ल. देशपांडे आकाशवाणीतूनच दिल्लीच्या दूरदर्शनवर गेले. आणि १९५५ पासून पुण्याच्या ग्रामीण कार्यक्रमांत व्यंकटेश माडगूळकर आले.

माडगूळकरांबद्दल थोडं सविस्तर लिहिलं पाहिजे. ‘बनगरवाडी’ लिहिणारा माणूस शेतकऱ्यांच्या कार्यक्रमाला मिळणं ही आमच्या मुलखाची मोठी कमाई होती. मी उमेदवारी केली ते माझे उस्ताद ग्रामपंचायतींचे सेट बघायचे. तेव्हा सरकारी योजनेतून गावाला एक रेडिओ मिळे, चावडीवर किंवा शाळेत, वर कर्णा लावलेला. बॅटरी उतरली की उस्ताद सायकलवर नवी बांधून निघायचे. ते सांगत, शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागला की बाया हातातलं काम थांबवत नसत, पण कान तिकडं असायचा, कारण बोलणारे पुस्तकी बोलत नव्हते. खत कधी टाकायचं हे सांगताना मधेच पाहुण्याची, म्हशीची, पावसाची चौकशी. आमच्याकडं भाताची दाढ भाजणं, चिखलणी, आवणी हे शब्द. कृषी खात्याच्या पत्रकात दुसरेच. त्या दोहोंच्या मधे उभं राहून बोलणारा माणूस लागतो. असा माणूस सरकारी जाहिरातीतून सापडत नाही, तो माडगूळकरांसारखा माणदेशातून यावा लागतो.

याच काळात पुणे केंद्रावर एक प्रयोग झाला, ज्याचं नाव आज पुण्यातही फार कुणाला माहीत नाही. १९५६च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये युनेस्कोच्या मदतीनं सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळं बसवली. पाच मराठी जिल्हे निवडले होते, त्यांत आपला पुणे जिल्हा होता. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम. गावातली पंधरा-वीस माणसं एकत्र बसून ऐकायची, रेडिओ बंद झाला की त्यावर बोलायची, प्रश्न लिहून केंद्राला पाठवायची आणि केंद्र पुढच्या कार्यक्रमांत उत्तर द्यायचं. अभ्यास टाटा समाजविज्ञान संस्थेकडं होता, पॉल न्यूरथ नावाच्या अभ्यासकानं तो केला. ज्या गावांत नुसता रेडिओ होता तिथं फारसा फरक पडला नाही, जिथं ऐकून चर्चा झाली तिथं लोकांची माहिती स्पष्ट वाढली, असं त्यात निघालं. आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर आणि न्यूरथ यांच्या नावानं तो अहवाल १९५९ साली निघाला, आणि त्याच वर्षी देशभर अशी मंडळं काढायचं ठरलं. सगळ्या देशात गेलेली ही रीत पुण्याच्या स्टुडिओतून आणि आपल्यासारख्या चावड्यांवरून निघाली, याचा मला अभिमान वाटतो.

मुलांचा कार्यक्रम ‘बालोद्यान’. त्यातले नाना म्हणजे गोपीनाथ तळवलकर, ‘आनंद’ मासिकाचे संपादक. ‘आनंद’चा अंक आमच्याकडं मोजक्या घरांत यायचा, नाना मात्र सगळ्यांच्या घरात यायचे. बायकांसाठी ‘गृहिणी’ आणि ‘माजघरातल्या गप्पा’ हे कार्यक्रम होते, त्यांच्यामागं ज्योत्स्ना देवधर होत्या. जोधपूरला जन्म, हिंदीत शिक्षण, आणि तरी बोलणं असं की आंबवड्याच्या बाईला वाटावं, शेजारीण पाट घेऊन बसली आहे. ‘घर गंगेच्या काठी’ ही कादंबरी त्यांचीच, हे कित्येक श्रोत्यांना कधी कळलंच नाही. एका म्हातारीला मी ते सांगितलं तर ती म्हणाली, “मंग? बोलत्यात चांगल्या, ल्हित्याल बी.”

गीतरामायणाचं काय सांगावं! १ एप्रिल १९५५, रामनवमी, तेव्हापासून वर्षभर दर आठवड्याला एक गाणं. कल्पनेला धरून बसणारे केंद्रावरचे अधिकारी सीताकांत लाड, गीतं ग. दि. माडगूळकरांची, संगीत सुधीर फडक्यांचं. अधिक मासामुळे गाणी छप्पन्न झाली. आज गीतरामायण म्हटलं की एकट्या बाबूजींचा, म्हणजे फडक्यांचा, आवाज आठवतो. त्याचं कारण १९६५ साली एचएमव्हीनं काढलेल्या तबकड्या. मूळ प्रक्षेपणात माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, सुरेश हळदणकर, योगिनी जोगळेकर असे कितीतरी गळे होते. राम फाटकही त्यात गायले. फाटक स्वतः पुणे केंद्राच्या संगीत विभागातले. पुढं भीमसेन जोशींकडून अभंग गाऊन घेणारे तेच, त्यांतले कित्येक आधी आकाशवाणीसाठी झालेले. माझ्या दुकानात बसणाऱ्या जुन्या माणसांना कुठलं गाणं रेडिओवर कुणी म्हटलं होतं ते तोंडपाठ असायचं, आणि तबकडी वाजली की ते म्हणायचे, हे चांगलं आहे, पण आम्ही ऐकलं ते हे नव्हे. बाजूला ठेवण्यासारखं हे बोलणं नाही. एका प्रचंड कामातला मोठा वाटा तबकडीवर न आल्यामुळं घरातून नाहीसा झाला, एवढाच त्याचा अर्थ.

आता ज्यांचं पुस्तकही नाही आणि तबकडीही नाही, त्यांच्याकडं येतो. उद्घोषक, वृत्तनिवेदक, नाट्यविभागातले आवाज, शेतकऱ्यांच्या कार्यक्रमातले निवेदक. यांतले बरेचसे ‘स्टाफ आर्टिस्ट’ म्हणून करारावर असत. पगार नव्हे, ‘फी’ मिळे. करार संपला की नवा करार. सरकारी नोकरांचा दर्जा त्यांना १९८२ साली मिळाला, म्हणजे केंद्र सुरू होऊन जवळजवळ तीस वर्षं झाल्यावर. त्यांच्याही खाली नैमित्तिक उद्घोषक. यांना महिन्याला साधारण सहा पाळ्यांची मर्यादा, त्यामुळे कुणी बँकेत, कुणी शाळेत, कुणी विमा विकून संसार चालवायचा आणि पहाटेच्या पाळीला शिवाजीनगरच्या स्टुडिओत हजर व्हायचं. प्रक्षेपणाची सभा उघडायची, वेळ सांगायची, गाण्याचं, कवीचं, संगीतकाराचं नाव घ्यायचं. इतरांची नावं दिवसभर उच्चारणाऱ्या या लोकांना स्वतःचं नाव सांगायची मुभा बहुतेक वेळा नसे. एकदा एक गृहस्थ दुकानात सेल घ्यायला आले, बनेश्वरला निघाले होते. दोन वाक्यं बोलले आणि बाकावरचे तिघे उठून उभे राहिले. त्यांचं नाव कुणाला माहीत नव्हतं, आवाज सगळ्यांना माहीत होता. एका शाळेत शिकवत होते ते तेव्हा. त्यांच्याजवळ एकही ध्वनिफीत नव्हती. केंद्रात फीत पुसून पुन्हा वापरली जायची. फीत महाग होती, तेव्हा दोष कुणाला द्यायचा?

बातम्यांचं मात्र तसं नव्हतं, तिथं नाव सांगितलं जाई. सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्यांवर आमच्याकडं दिवस लागायचा. एसटीला निघणारा, दूध घालणारा, शाळेला जाणारा, सगळे त्या वेळेला बांधलेले. सुधा नरवणे हे नाव त्यातून घराघरात गेलं. त्यांचं वाचन मी कामाच्या नजरेनंही ऐकत असे. स्पीकरचा कोन फाटका असला तर ‘स’ आणि ‘श’ चरचरतात, आणि सेट दुरुस्त झाला की नाही ते मी त्यांच्या बातम्यांवर तपासायचो, कारण त्यांचा एकही उच्चार मुळात सैल नसे. २०१९च्या अखेरीला मनोज नरवणे लष्करप्रमुख झाले तेव्हा सगळ्या देशाला कळलं की त्यांच्या आई आकाशवाणीवर होत्या. भोरच्या चौकात ती बातमी उलट सांगितली जात होती: बातम्यावाल्या सुधाताईंचा मुलगा लष्करप्रमुख झाला.

२०२३च्या जूनमध्ये पुण्याचा हा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातम्या छत्रपती संभाजीनगरहून द्यायचा हुकूम निघाला. ओरड झाली आणि तो मागं घ्यावा लागला. धरणातून पाणी सोडलं, वरंध घाट बंद झाला, हे पुण्यात बसलेल्या माणसाला जेवढं लागतं तेवढं दुसरीकडं लागणार नाही. आणि त्या खुर्चीवर बसायला तयार होणारा पुढचा आवाज कुठून यायचा, तो प्रश्नही आहेच.

माझ्याकडं आता सेट फारसे येत नाहीत. कॅसेट मात्र येतात. १९८०नंतर आमच्याकडं टू-इन-वन आले, आणि लोकांनी रेडिओवरूनच कीर्तनं, नाटकं, भावगीतं भरून घेतली. गाणं भरताना बटण जरा आधी दाबलं जाई, म्हणून गाण्याच्या सुरुवातीला उद्घोषकाची दोन-चार वाक्यं येतात. लोकांना ती नको असत. आज तीच मोलाची आहेत, कारण त्या आवाजांचं दुसरं काही उरलेलं नाही. मी ती वेगळी काढून संगणकात उतरवतो आहे. ओळखीच्या जुन्या श्रोत्यांना ऐकवतो, ते आवाज ओळखतात, मी वहीत लिहितो.

तेव्हा भोर-वेल्ह्यात कुणाच्या माळ्यावर अशा कॅसेट असतील तर त्या भंगारात घालू नका. पांढरी बुरशी आली असली तरी चालेल, स्पिरिटनं पुसून निघते. फितीमागची स्पंजची गादी गळून पडली असेल तर दुसरी बसवता येते. फीत तुटली असेल तर मी जोडून देतो. फक्त घरच्या डेकमध्ये घालून वाजवून बघू नका, अडकली तर तेवढी वाक्यं जातील. आणि कव्हरवर कुणाच्या हातची तारीख असेल तर ते कव्हरही बरोबर आणा.