किपच्या उपकरणाचा अपुरा हिशेब

हॉलंडमधील डेल्फ्ट गावचे औषधविक्रेते पेट्रुस किप यांनी १८४४ च्या सुमारास तीन गोलांचे काचेचे उपकरण तयार केले. तोटी उघडली की आम्ल मधल्या गोलातील फेरस सल्फाइडपर्यंत चढते आणि हायड्रोजन सल्फाइड मिळतो. तोटी बंद केली की साचलेला वायूच आम्लाला मागे ढकलतो. हवा तेव्हा, हवा तेवढा वायू! क्षारांच्या परीक्षणासाठी आपल्या महाविद्यालयांतही हे उपकरण अनेक पिढ्या वापरले गेले. सोयीचे आणि स्वस्त म्हणून.

खरेच स्वस्त? समीकरण मांडून पाहा. ८८ ग्रॅम फेरस सल्फाइड आणि ९८ ग्रॅम गंधकाम्ल यांपासून वायू मिळतो ३४ ग्रॅम. मागे उरते १५२ ग्रॅम फेरस सल्फेट, म्हणजे वायूच्या जवळजवळ साडेचारपट. शिवाय न वापरलेले आम्ल वेगळेच. गळलेला वायू तांब्या-चांदीच्या वस्तू काळ्या पाडतो.

सर्वांत मोठी किंमत माणसाची. कुजक्या अंड्यांसारखा हा वास अत्यल्प प्रमाणातही जाणवतो. परंतु हवेच्या दहा लाख भागांत वायूचे शंभरेक भाग झाले की नाकच बधिर होते. वास गेला, म्हणजे धोका टळला असे नव्हे! रोज उपकरण भरणाऱ्या परिचराचा हा खर्च साहित्याच्या वहीत लिहायला रकानाच नसतो.

पनवेलजवळून वाहणारी गाढी नदी खाडीला मिळते. आपल्या गावीही अशी नदी वा ओढा असेलच. मोरीत ओतलेले हिरवट पाणी कुठे जाते, हे विद्यार्थ्यांना शोधायला सांगा. रसायनशास्त्राचा तोही एक धडाच आहे.