दोन पाऊलखुणा, एक कुला

माझ्याकडे १९८४ सालची एक वही आहे. तिच्या मधल्या पानावर वाघाच्या दोन पाऊलखुणा शेजारी शेजारी काढलेल्या आहेत. दोन्ही मागच्या डाव्या पायाच्या, पण रुंदीत सव्वा सेंटिमीटरचा फरक. आयुष्यभर मी प्राणिशास्त्र शिकवलं, पण मापावर किती विश्वास ठेवायचा हे मला त्या पानानं शिकवलं.

मी तेव्हा बी.एस्सी.ला होते. मेच्या सुट्टीत अमरावतीहून आम्ही बारा विद्यार्थी आणि दोन प्राध्यापक परतवाड्यामार्गे एस.टी.नं सेमाडोहला उतरलो. मेळघाटातली वार्षिक गणना उन्हाळ्यातच व्हायची. सागाची पानं गळून रान उघडं पडलेलं असतं, नाले आटून डोह आणि झिरे तेवढे उरतात आणि तहानेला दुसरी वाट नसते. त्यात बुद्धपौर्णिमेचा रात्रभर पुरणारा चंद्र. सगळ्या पाणवठ्यांवर एकाच रात्री माणूस बसवायचा, तर वनखात्याला माणसं कमी पडायची. म्हणून आमच्यासारखी मुलं.

वाघ मोजायचे कसे, हा प्रश्न तेव्हा नवाच होता. वाघाच्या शिकारीवर बंदी आली १९७० मध्ये. १९७२ च्या देशव्यापी गणनेत १,८२७ वाघ निघाले आणि पुढच्याच वर्षी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ अभयारण्यांत महाराष्ट्रातलं एकटं मेळघाट होतं. मोजणीची पद्धत ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांची. खैरी नावाची वाघीण घरात लेकीसारखी वाढवणारे ते हेच. प्रत्येक वाघाचं पाऊल माणसाच्या बोटाच्या ठशासारखं वेगळं असतं, ही त्यांच्या पद्धतीची बैठक. ठशावर काच धरायची, पेनानं कडा गिरवायच्या, मग त्या कागदावर उतरवायच्या. चौकोनी ठसा नराचा, लांबट मादीचा. शिवाय लांबी, रुंदी, ढांगेचं अंतर. काच आणि कागद कुठल्याही वनरक्षकाला परवडणारे होते, म्हणून ही पद्धत देशभर पोहोचली. तिला नावं ठेवणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

माझ्यासोबत एक कोरकू वनमजूर होते, पन्नाशीच्या आसपासचे. मी त्यांना दादा म्हणायचे, ते मला बाई. आमचं मचाण सिपनेला मिळणाऱ्या एका नाल्यावर होतं. सागाच्या बल्ल्या, वर बांबूची ताटी, भोवती जांभळाचा पाला. आदल्या दिवसापासून साबण बंद. बोलायचं नाही, खोकला आला तर रुमालात दाबायचा. चांदणं पडल्यावर मला दिसायच्या आधी त्यांना ऐकू यायचं. सागाच्या वाळक्या पानांवर सांबर थांबत थांबत पाऊल टाकतं, अस्वल खरडत येतं, रानगवा आला की पानं चुरडत राहतात. हा फरक मला त्या रात्रीत जेमतेम कळला.

संध्याकाळी पाच सांबरं आली, पहाटे तीनला पुन्हा पाच. मी तक्त्यात दहा लिहिले. दादांनी माझ्या हातावर हलकेच थाप मारली आणि स्वतःचा डावा कान पकडून दाखवला. कान फाटलेली मादी दोन्ही वेळा होती. मी दहाचे पाच केले. त्या रात्री किती मचाणांवर असे दहा तसेच राहिले असतील, या विचारानं मला पुढे अनेक वर्षं बेचैन केलं. शेजारच्या पाणवठ्यावर जाणारं जनावर तर दोन तक्त्यांत दोनदा जिवंत व्हायचं.

सकाळी नाल्याच्या चिखलात वाघाचा ताजा माग सापडला. मी काच ठेवून गिरवला. माग न तुटता दरड चढून गाडीवाटेवर गेला होता. तिथे पिठासारख्या धुळीत तोच डावा पाय उमटला होता, पण पसरट, मोठा. मी तोही गिरवला. दादांनी चार बोटं आडवी ठेवून दोन्ही ठसे पाहिले आणि म्हणाले, "एकही कुला है, बाई." कुला म्हणजे कोरकूत वाघ. चिखलातला आणि धुळीतला कागद वेगवेगळ्या टेबलांवर गेले असते, तर त्यांचे दोन वाघ सहज झाले असते.

हाच आक्षेप पुढे उल्लास कारंथ यांच्यासारख्या अभ्यासकांनी संख्याशास्त्राच्या भाषेत मांडला. नव्वदच्या दशकात त्यांनी नागरहोळेत कॅमेरे लावून पट्ट्यांवरून वाघ ओळखायला सुरुवात केली. तरी २००१-०२ ची देशाची गणना पावलांवरच झाली आणि आकडा निघाला ३,६४२. मग सरिस्कातले सगळे वाघ संपल्याचं २००५ मध्ये उघड झालं. २००६ मध्ये कॅमेरे आणि नमुना-पद्धत देशभर वापरली, तेव्हा अंदाज आला १,४११. या दोन आकड्यांत किती वाघ मेले आणि किती मुळात नव्हतेच, हे वेगळं करता येत नाही. पद्धती वेगळ्या आहेत, त्यामुळे सरळ वजाबाकी करणं चूक आहे.

बुद्धपौर्णिमेला मचाणं आजही बांधली जातात. त्या उपक्रमाला आता गणना न म्हणता निसर्गानुभव म्हणतात, आणि ते प्रामाणिक नाव आहे. मी शिकवायला लागल्यावर कित्येक उन्हाळे मुलांना तिथे नेलं. प्रत्येकाला एकच काम आधी द्यायचे: एक माग धरायचा, चिखलातून धुळीत जाईपर्यंत सोडायचा नाही आणि दोन्हीकडे मोजायचा.

गणनेच्या छापील तक्त्यात निरीक्षकाच्या नावाची एकच ओळ होती. तिथे माझं नाव गेलं. दादांचं नाव मी वहीत, त्या दोन ठशांच्या खाली लिहिलं आहे. त्यांच्या बोटांचं मापही तिथेच आहे: चार बोटं, दोन्हीकडे.